‘यूएसबी किती?’ : एक लिटरच्या संगणकाचा यवतमाळी हिशोब

२७,७२,३४८. २०११च्या जनगणनेतली यवतमाळ जिल्ह्याची ही लोकसंख्या. तालुके १६, आणि शंभरातली ७८ माणसं खेड्यांत राहणारी. ‘घरात संगणक आहे का?’ हा प्रश्न जनगणनेने पहिल्यांदा विचारला तोही याच फेरीत. देशातल्या ९.५ टक्के कुटुंबांनी ‘हो’ म्हटलं. खेड्यांतलं प्रमाण जेमतेम पाच टक्के होतं.

पुढचा आकडा २०१७-१८चा, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीतला. शहरांत २३.४ टक्के घरांत संगणक, खेड्यांत ४.४ टक्के. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणून खेड्यांतले संगणक घटले असं म्हणता येणार नाही. पण वाढले असं तर मुळीच म्हणता येत नाही. मधल्या काळात फोन घरोघर पोचला. केंद्राच्या २०२५च्या दूरसंचार पाहणीत देशातल्या ८५.५ टक्के घरांत किमान एक स्मार्टफोन निघाला.

मग उरलेला संगणक विकत घेतं कोण? सिनेमा, गाणी, बातम्या, फोटो हे सगळं खिशात गेलं. टेबलावरच्या संगणकाला आता एकच गिऱ्हाईक उरलंय, ज्याला त्यावर काम करायचंय आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं काम करायचंय. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, कृषी केंद्र, पतसंस्था, ग्रामपंचायत, टायपिंगचा क्लास. शंभर घरांमागे चार संगणक हा आकडा म्हणूनच थोडा फसवा आहे. गावातल्या चौकातला एक संगणक शेकडो घरांचे अर्ज भरत असतो. त्याच्या मालकाला काय हवं असतं, याचा अंदाज मोबाइलच्या जाहिरातींवरून बांधला की चुकतो.

जुलैचा शेवटचा आठवडा आणि तालुक्याचं कुठलंही सेवा केंद्र डोळ्यांसमोर आणा. खरिपाच्या पीकविम्याची मुदत एरवी ३१ जुलै असते, त्यामुळे दारात चपलांचा ढीग. २०२३ आणि २०२४च्या खरिपात शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया होता. २०२५पासून तो पुन्हा विमा रकमेच्या टक्क्यांत आला, बहुतेक खरीप पिकांना दोन टक्क्यांपर्यंत आणि कपाशीला पाच टक्क्यांपर्यंत. एकाच्या हातात आधार, दुसऱ्याच्या हातात बँकेचं पासबुक, तिसऱ्याला आधी सातबारा काढून हवा. डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून ऑनलाइन मिळतो, शुल्क १५ रुपये. काउंटरमागचा पोरगा एका हाताने माउस हलवतोय आणि दुसऱ्या हाताने अंगठ्याचं मशीन पुढे सरकवतोय. कापसात काम केलेल्या बोटांचे ठसे पहिल्या झटक्यात उमटत नाहीत. ‘काका, पुसून लावा. आता दुसरं बोट.’

आता त्याच्या संगणकाला काय काय टोचलंय ते मोजू. कीबोर्ड एक, माउस दोन, प्रिंटर-स्कॅनर तीन, अंगठ्याचं मशीन चार, वेबकॅम पाच, डिजिटल सहीचं टोकन सहा, आणि गिऱ्हाइकाने आणलेला पेनड्राइव्ह सात. सात यूएसबी. वायफायचा डोंगल लावायचा तर आठ. म्हणून दुकानात छोटा डबा काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न प्रोसेसरचा नसतो. डबा उलटा करून मागची बाजू पाहिली जाते. ‘यूएसबी किती हायेत?’

हा छोटा डबा म्हणजे नेमकं काय, तेही मापून घेऊ. कंपन्यांच्या ऑफिसांतून सुटणारे, ‘टायनी’, ‘मिनी’ किंवा ‘मायक्रो’ नावांचे डेस्कटॉप असतात, लेनोव्हो, एचपी आणि डेलचे. लांबी-रुंदी साधारण १८ सेंटिमीटर, जाडी साडेतीन. गुणाकार केला तर १,१०० घन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एक लिटरला थोडा जास्त. पानाच्या डब्याएवढा. आपण वर्षानुवर्षं ज्याला ‘सीपीयू’ म्हणत आलो ते टॉवर कॅबिनेट तीस लिटरच्या घरात जातं. या एक लिटरच्या डब्याला यूएसबी पाच-सहा असतात. सातवी आणि आठवी जोडायची तर हब लागतो. हब घेताना स्वतःचा अॅडॉप्टर असलेला घ्यावा, नाहीतर अंगठ्याचं मशीन मधेच ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ म्हणतं आणि रांग खवळते.

जगभर ज्याचं कौतुक झालं तो छोटा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ला तो ३५ डॉलरला बाजारात आला. यूएसबी दोन, वीज नावापुरती. शिकायला, प्रयोग करायला फार गोड वस्तू. पण आपल्या काउंटरवर तो टिकत नाही. अंगठ्याची मशीनं, सहीची टोकनं आणि दुकानांत वर्षानुवर्षं चालत आलेले लेझर प्रिंटर यांची सॉफ्टवेअरं प्रामुख्याने विंडोज आणि इंटेल-एएमडीचे प्रोसेसर धरून लिहिलेली असतात. ३५ डॉलरचा संगणक घ्यायचा आणि प्रिंटर नवा घ्यायचा, हे गणित कोण मांडेल?

दुसरा प्रश्न विजेचा. ‘लाइन गेली त किती वेळ चालन?’ या प्रश्नावर छोटा डबा खरा जिंकतो, आणि दुकानदार नेमकं हेच सांगायला विसरतात. हिशोब सोपा आहे. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॉट-अवर. त्यातले निम्मे हाती लागतात असं धरा, म्हणजे ४२. जुना टॉवर आणि एलसीडी मॉनिटर मिळून ८० वॉट खात असतील तर अर्धा तास. एक लिटरचा डबा आणि मॉनिटर मिळून ३५ वॉट खात असतील तर ७० मिनिटं. आणि शिशाच्या बॅटरीतून जितकी जोरात वीज ओढाल तितकी ती कमी देते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो. एक तासात विम्याचे किती अर्ज होतात ते सर्व्हरच्या मर्जीवर. पण निदान अर्धवट भरलेला अर्ज तरी वाया जात नाही.

यात एक मेख आहे. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावता येत नाही. पान भाजताना तो क्षणभर कित्येकशे वॉट ओढतो आणि यूपीएस किंचाळून बंद पडतो. शाईच्या टाकीचा प्रिंटर पंधरा-वीस वॉटांत भागवतो. संगणक कोणता घ्यावा, याचा निम्मा निर्णय असा प्रिंटरच करून टाकतो.

वर्षाचं बिलही मांडून पाहू. रोज दहा तास, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ३,००० तास. ८० वॉटचे २४० युनिट, ३५ वॉटचे १०५. फरक १३५ युनिटांचा. हिशोबापुरता दर दहा रुपये धरला तर वर्षाला १,३५० रुपये. फार नाही. ‘वीज वाचवा, डबा फुकटात’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. छोट्या डब्याची कमाई बिलात नाही, बॅकअपमध्ये आहे.

जिथे तो हरतो ती जागा म्हणजे उन्हाळा. या छोट्या संगणकांच्या माहितीपत्रकात चालण्याचं कमाल तापमान बहुधा ३५ अंश छापलेलं असतं. यवतमाळचा मे ४३-४४ अंशांचा, आणि टिनाच्या छपराखाली त्याहून वर. डबा बंद पडत नाही, पण गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं ‘हँग मारते’. त्यात पांढरकवड्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू, वणीकडे कोळशाची धूळ. तीस लिटरच्या कॅबिनेटमध्ये धूळ बसायला जागा तरी असते. इथे इवल्या पंख्याच्या पात्यांवर थर चढला की काम संपलं. मॉनिटरच्या मागे स्क्रूने डबा टांगायची सोय दिसायला छान, पण तिथे मॉनिटरची ऊबही त्यालाच मिळते. मला विचाराल तर डबा उभा ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर, आणि तीन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा.

आता पैशांकडे. २००५ साली दहा हजारांच्या आतला संगणक ही देशभर बातमी होती. कोलकात्याच्या झेनिटिसने ‘आमार पीसी’ आणला, एचसीएलनेही आणला, दोघांची किंमत ९,९९० रुपये. एचसीएलच्या यंत्रात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबी डिस्क, १५ इंची मॉनिटर आणि लिनक्स. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर ते ९,९९० आजचे ३२ हजार होतात. म्हणजे तेव्हाचा ‘स्वस्त’ संगणक आजच्या हिशोबात चांगलाच महाग होता. आज आठ जीबी रॅम किमान मानतात, तेव्हाच्या ६४ पट. तरीही गिऱ्हाइकाच्या डोक्यात ‘दहा हजार’ हा आकडा वीस वर्षं घट्ट बसलाय. एवढ्यात नवा येत नाही, म्हणून माणूस ऑफिसातून सुटलेल्या सेकंडहँड डब्याकडे वळतो. त्यात कंपनीने भरलेला विंडोजचा परवाना बहुधा मशीनमध्येच नोंदलेला असतो, हा सेकंडहँडचा दुर्लक्षित फायदा.

इथे सगळ्यात महत्त्वाची सीमारेषा सात आणि आठ यांच्यामधली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ रीतसर चालायला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. डेस्कटॉपसाठी ही पिढी ऑक्टोबर २०१७मध्ये आली. त्यामुळे सेकंडहँड बाजाराचे दोन तुकडे पडलेत. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे स्वस्तात, ढिगाने. आठव्याचे काही हजारांनी महाग. फरक वरून दिसत नाही, डबा तोच, रंग तोच. नाव वाचावं लागतं. आय५-६५००टी म्हणजे सहावी पिढी, आय५-८५००टी म्हणजे आठवी. शेवटचा ‘टी’ म्हणजे ३५ वॉटांत बसणारा. आपल्याकडे ‘आय फाइव्ह’ या शब्दाला नको इतका मान आहे. सहाव्या पिढीच्या आय५ला चार कोअर, आठव्या पिढीच्या आय३लाही चार. तरी लोक सहावीतला आय५ घरी नेतात आणि वर्षभराने ‘अपडेट येत नाही’ म्हणून परत येतात. बँक आणि आधारचं काम ज्या यंत्रावर चालतं, त्याच्या सुरक्षेचं अपडेट बंद असणं ही कौतुकाची बाब नाही.

नव्यांत इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे चिनी मिनी पीसी आहेत. २०२३चा हा प्रोसेसर सहा वॉटांचा, चार कोअरचा, आणि काउंटरच्या कामाला पुरेसा. घेताना डिस्क पाहावी. ६४ जीबीची ईएमएमसी असेल तर हात जोडावेत, विंडोजची दोन मोठी अपडेट्स झाली की घर भरलं. ३ ऑगस्ट २०२३ला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले, त्या यादीत अतिछोटे डेस्कटॉपही नावानिशी होते. ओरड झाली, मुदत वाढली, आणि १ नोव्हेंबरपासून परवानगी घेऊन आयात असा मार्ग निघाला. २०२५च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव चढले, तेव्हा छोट्या डब्यांनाही झळ बसली. एका आकड्यात भाव सांगायचं धाडस त्यामुळे मी करत नाही.

भाड्याचा पर्यायही आलाय. जिओने २०२५मध्ये टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर चालणारा ढगातला संगणक आणला, महिन्याला ५९९ रुपये आणि वर कर. नुसते ५९९ धरले तरी वर्षाचे ७,१८८, म्हणजे दोन वर्षांत १४ हजारांच्या वर. शाळकरी मुलाच्या घरी चालेल. अंगठ्याच्या मशीनचा प्रश्न आला की पुन्हा काउंटरवरच्या त्या पहिल्या प्रश्नावर, ‘यूएसबी किती?’

आणि दुकानातून निघता निघता हमखास येणारा प्रश्न, ‘जुना मॉनिटर चालते ना याले?’ जुन्या मॉनिटरला निळ्या टोकाची व्हीजीए वायर. छोट्या डब्याला बहुधा डिस्प्लेपोर्ट. काही मॉडेलांत व्हीजीए असतं, काहींत नसतं. नसेल तर काही शे रुपयांचा कन्व्हर्टर. यवतमाळ शहरात तो मिळतो. लहान तालुक्यात मात्र एवढ्याशा तुकड्यासाठी डबा दोन दिवस खोक्यातच पडून राहतो. उमरखेडवाला अशा वेळी यवतमाळपेक्षा नांदेडची एसटी धरतो.

या सगळ्या तपासण्यांत जिथे छोटा डबा बिनतक्रार पास होतो ती जागा म्हणजे टायपिंगचा क्लास. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द लागतात, आणि ते फोनवर होत नाहीत. इथे अंगठा नाही, सही नाही, प्रिंटर एखादाच. प्रत्येक यंत्राला दोन यूएसबी पुरतात. दहा डबे आणि दहा मॉनिटर मिळून ३५० वॉट. १२ व्होल्ट, १५० अँपियर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-अवर, निम्मे धरले तर ९००. म्हणजे अडीच तास. जुन्या टॉवरवर हेच काम जेमतेम तासभर चाललं असतं. तासाची एक बॅच धरली, तर लाइन गेल्यावर दोन बॅचा पूर्ण होतात आणि तिसरीतली पोरं निम्म्यात उठतात.