विश्वाची प्रतिमाने आणि त्यांमागील गृहीतके

विज्ञानाच्या बहुतेक शाखांत एकाच जातीच्या अनेक वस्तू तपासून नियम काढता येतो. विश्वरचनाशास्त्राला ही सोय नाही. विश्व एकच आहे आणि निरीक्षक त्याच्या आत, एकाच ठिकाणी उभा आहे. म्हणून जे दिसत नाही ते दिसणाऱ्यासारखेच असावे, असे आरंभीच मानावे लागते. आकाश सर्व दिशांना स्थूलमानाने सारखे दिसते, हे निरीक्षण होय; परंतु ते अन्य दीर्घिकांतूनही तसेच दिसत असेल, हे निरीक्षण नव्हे. आपले स्थान विशेष नाही, या तात्त्विक भूमिकेवरून काढलेले ते अनुमान आहे. यालाच विश्वशास्त्रीय तत्त्व म्हणतात. मराठीत ‘तत्त्व’ या शब्दाला सिद्ध सत्याची छटा असल्यामुळे त्याचे गृहीतकपण सहज नजरेआड होते.

बाँडी व गोल्ड यांनी 1948 मध्ये हे तत्त्व काळालाही लागू केले : विश्व सर्वत्र तसे सर्वकाळही सारखेच. विश्व प्रसरण पावत असता त्याची घनता कायम राहावयाची, तर नवे द्रव्य सतत निर्माण झाले पाहिजे. त्यासाठी फ्रेड हॉईल यांनी निर्मितिक्षेत्राची कल्पना मांडली आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (1938–2025) यांनी 1960 नंतर हॉईल यांच्यासह तिचा गणिती विकास केला. हे गृहीतक अधिक धाडसी असल्यामुळेच अधिक तपासण्याजोगे होते. दूरचे, म्हणजेच भूतकाळातील, विश्व जवळच्या विश्वाहून वेगळे आढळल्यास ते टिकणे शक्य नव्हते. रेडिओ उद्गमांची गणना आणि 1965 मध्ये जाहीर झालेले सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण त्याच्या विरुद्ध गेले.

परंतु वाद तेथे संपला नाही. 1993 मध्ये हॉईल, बर्बिज व नारळीकर यांनी अर्ध-स्थिरस्थिती प्रतिमान मांडले. त्यात हेच प्रारण, अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा उत्सर्जित केलेला ताऱ्यांचा प्रकाश ठरते. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ते पटले नाही. तथापि, महास्फोटाच्या प्रचलित प्रतिमानातही विश्वाचा सुमारे 95 टक्के भाग कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा यांचा मानावा लागतो. यावरून सर्व प्रतिमाने सारखीच, असे मात्र ठरत नाही. कोणते प्रतिमान किती कमी जादा गृहीतके घेऊन किती अधिक निरीक्षणे उलगडते, हीच खरी कसोटी होय.

नांदेड व लातूर येथील अभ्यासकांना हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्र सरकारने 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. विश्वाच्या प्रसरणाचा वेग पार्श्वप्रारणावरून दर मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे 67 किलोमीटर येतो, तर तारे व अतिनवतारे यांच्या अंतरांवरून तो सुमारे 73 येतो. पहिल्या आकड्यात संपूर्ण प्रतिमान गृहीत आहे. दुसऱ्यात अंतरमोजणीच्या पायऱ्या. गुरुत्वीय लहरींवरून अंतर थेट मिळत असल्याने तिसरी, स्वतंत्र साक्ष मिळू शकेल. मात्र तीही व्यापक सापेक्षता सिद्धांत गृहीत धरूनच बोलेल. गृहीतकावाचून विश्वाचे मापन नाही. म्हणून आकडा वाचताना त्यामागील गृहीतकही वाचणे, हा अभ्यासकाचा पहिला नियम ठरतो.