रस्ता ओलांडताना मोबाइल काय हिरावतो

सिग्नल नसलेला रस्ता ओलांडताना आपण दर वेळी मनात एक हिशेब करतो: गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे आणि ती येईपर्यंत आपण पलीकडे पोहोचू का? सात मीटरचा दुपदरी रस्ता साध्या चालीने ओलांडायला सुमारे सहा सेकंद लागतात. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात 65 मीटरच्या आसपास अंतर कापते. नजर निदान तेवढी लांब जायला हवी. शिवाय हा हिशेब एकदा करून भागत नाही. थांबलेल्या बसच्या आडून दुचाकी निघते, कुणी उलट दिशेने येतं, की तो पुन्हा करावा लागतो.

मान मोबाइलवर झुकली की या हिशेबातले आकडेच नाहीसे होतात. डोळ्याच्या कडेला काहीतरी हलल्याचं जाणवतं, पण ते किती दूर आणि किती वेगात आहे, हे समजत नाही. पाऊलही बदलतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं, की मेसेज टाइप करत चालणाऱ्यांची चाल मंदावते आणि त्यांना सरळ रेषेत चालता येत नाही. म्हणजे सहा सेकंदांचे सात-आठ होतात. गाडी मात्र तिच्याच वेगाने येत असते.

नुसतं बोलत असलो तर डोळे रस्त्यावर असतात, मग काय बिघडलं? अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात आयरा हायमन आणि सहकाऱ्यांनी एका विदूषकाला एकचाकी सायकलवर फिरवलं. फोनवर बोलत गेलेल्यांपैकी जेमतेम 25 टक्क्यांना तो दिसला. एकट्याने, फोनशिवाय चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना दिसला आणि जोडीने गप्पा मारत जाणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांना. मला यातली जोडीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. सोबतचा माणूस रस्ता पाहत असतो, गाडी आली की बोलणं थांबवतो, हात धरतो. फोनवरच्या माणसाला आपण रस्त्याच्या मध्यावर आहोत हे ठाऊकच नसतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हातची जाते. हात दाखवून, चालकाच्या डोळ्यांत बघून आपण वाट मागतो आणि तो वेग कमी करतो. खाली बघणाऱ्याने आपल्याला पाहिलंय की नाही, हे चालकाला कळत नाही.

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराने 2016 मध्ये ट्रामच्या थांब्यांजवळ जमिनीतच दिवे बसवले, म्हणजे खाली बघणाऱ्यालाही लाल सिग्नल दिसावा. जिथे सिग्नलच नाही, तिथे हा उपाय निरुपयोगी. जपानमधल्या यामातो शहराने 2020 मध्ये चालताना मोबाइल वापरायला मनाई केली, दंड मात्र ठेवला नाही. आपल्या रस्त्यांना ही दुसरी वाट जवळची आहे: मोबाइल बघायचा तर कडेला थांबून बघा.

भारतात 2022 साली 32,825 पादचारी अपघातांत गेले. त्याचं खापर मोबाइलवर फोडता येणार नाही. भरधाव गाड्या, अडवलेले फुटपाथ आणि चालकांच्या हातातले फोन यांचा हिशेब वेगळा मागितलाच पाहिजे. पण फूटपाथवरून उतरण्याआधी एवढं म्हणणं आपल्या हातात आहे: "ठेवतो, रस्ता ओलांडतोय." आणि आपण कुणाला फोन केला असताना पलीकडून हॉर्न ऐकू आले, तर आपणच सांगावं: "आधी रस्ता ओलांड, मग बोलू."