प्रवाळबेटावरील मध्यम खर्चाचा मुक्काम

लक्षद्वीपच्या दक्षिणेस हिंदी महासागरांत मालदीव नांवाची बेटांची एक लांबलचक माळ पसरलेली आहे. तिची दक्षिणोत्तर लांबी आठशें किलोमीटरांहून अधिक असून तींत सुमारें १,२०० बेटें आहेत. त्यांपैकीं सुमारें दोनशें बेटांवर लोकवस्ती आहे. आणि जीं निर्जन होतीं, त्यांपैकीं दीडशेंहून अधिक बेटांवर आज प्रवाशांसाठीं रिसॉर्टें उभीं आहेत. तेथील मुक्कामाविषयीं शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत दोन समजुती आढळतात. एक अशी कीं, हें सुख केवळ धनिकांचें. दुसरी अशी कीं, जाहिरातींत छापलेला आंकडा भरला कीं सर्व कांहीं पदरांत पडतें. दोन्ही समजुती अर्धवट आहेत. मध्यम ऐपतीच्या कुटुंबानें तेथें जावें किंवा कसें, आणि गेल्यास जागा काय पाहून निवडावी, हें ठरविण्यापूर्वीं तें बेट म्हणजे मुळांत काय वस्तु आहे, हें समजून घेणें अवश्य आहे.

मालदीवचीं बेटें डोंगरांचीं शिखरें नव्हेत, कीं नद्यांनीं आणलेल्या गाळाचीं भाटें नव्हेत. प्रवाळ नांवाचे सूक्ष्म जीव समुद्रांतील चुना घेऊन स्वतःभोंवतीं कठीण कवच बांधतात. अशा असंख्य पिढ्यांच्या कवचांवर कवचें चढून खडक तयार होतो. अशा खडकांचें कंकण व त्याच्या मध्यभागीं शांत उथळ पाणी, या रचनेस इंग्रजींत ‘ॲटॉल’ म्हणतात. हा शब्दच मुळीं मालदीवच्या दिवेही भाषेंतून जगभर गेलेला आहे. मावळत्या ज्वालामुखीच्या कडेनें प्रवाळ वाढत राहून अशीं कंकणें कशीं बनतात, याची उपपत्ति चार्ल्स डार्विन यानें १८४२ सालीं मांडली. या कंकणावर लाटांनीं वाळू लोटून ठेविली कीं बेट होतें. देशांतील बहुतेक भूमि समुद्रसपाटीहून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच आहे. वाळूचा ढीग व त्याला राखणारी प्रवाळाची भिंत, एवढेंच त्या बेटाचें भांडवल होय.

या भांडवलावर प्रवासाचा धंदा १९७२ सालीं सुरू झाला. राजधानी माले हिच्याजवळील एका निर्जन बेटावर पहिलें रिसॉर्ट उघडलें. त्याचें नांव कुरुंबा, म्हणजे शहाळें. पुढें ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी रीतच पडली. प्रवाशांनीं निर्जन बेटावर राहावें, मुसलमानी धर्माच्या ग्रामस्थांनीं आपल्या बेटावर राहावें, आणि एकाच्या चालीरीतींचा दुसऱ्यास उपसर्ग होऊं नये, असें तें धोरण होतें. त्यामुळें पैसा देशांत आला खरा, परंतु तो गांवापर्यंत क्वचितच पोंचला. २०१० च्या सुमारास धोरण पालटलें व वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठीं छोटीं निवासगृहें काढण्यास मोकळीक मिळाली. मालेच्या दक्षिणेस असलेलें माफुशी हें मासेमारीचें गांव या बदलानें कांहीं वर्षांतच प्रवाशांचें ठाणें बनलें. सारांश, आज मध्यम खर्चांत राहण्याचे दोन मार्ग आहेत : स्वतंत्र बेटावरील साधें रिसॉर्ट, अथवा गांवांतील निवासगृह.

पहिल्या प्रकारांत खोलीचें भाडें जास्त कां, याचें उत्तर सोपें आहे. रिसॉर्टचें बेट म्हणजे एक लहानसें स्वतंत्र नगरच असतें. वीज डिझेलवर तेथेंच निर्माण करावयाची, पाणी तेथेंच गोडें करावयाचें, सांडपाणी व केरकचरा यांची वाट तेथेंच लावावयाची, आणि नोकरवर्गासही तेथेंच ठेवावयाचें. मासे व नारळ सोडले तर तांदूळ, कणीक, भाजी, अंडीं, दूध, बहुतेक सर्व जिन्नस बाहेरून येतात. तेव्हां ताटांतील कोशिंबीर माशाहून महाग पडावी, यांत नवल नाहीं.

खरी फसगत होते ती भाड्याच्या आंकड्यांत नव्हे, तर त्याच्याबाहेर राहिलेल्या आंकड्यांत. विमानतळापासून बेटापर्यंतचें येणें-जाणें पुष्कळदां निराळें आकारलें जातें. जवळच्या बेटास वेगवान नावेनें जातां येतें. दूरच्या बेटास पाण्यावर उतरणारें विमान लागतें, आणि तें दिवसाउजेडींच उडतें. संध्याकाळीं पोंचणाऱ्या कुटुंबास म्हणून एक रात्र मालेच्या आसपास काढावी लागते व तिचा खर्च वेगळा. याशिवाय दहा टक्के सेवा-आकार, जुलै २०२५ पासून १७ टक्के झालेला पर्यटन-कर, आणि माणशीं दर रात्रीस द्यावयाचा हरित कर. चार जणांच्या कुटुंबानें हे सर्व आंकडे आधीं मांडून बेरीज करावी. जवळच्या बेटावरील महागशी खोली दूरच्या बेटावरील स्वस्त खोलीहून शेवटीं स्वस्त ठरते, असा अनुभव पुष्कळांस येतो.

पाण्याची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. प्रवाळबेटावर नदी नाहीं, ओढा नाहीं, तळें क्वचित्. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें व खालच्या खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यानें त्यावर भिंगाच्या आकाराच्या थरानें तरंगत राहतें. समुद्राच्या पातळीवर हा थर जेवढा उंच, त्याच्या सुमारें चाळीस पट तो खालीं जाऊं शकतो, असा शास्त्राचा हिशेब आहे; पण चिंचोळ्या बेटावर हा थर पातळच असतो. उपसा अधिक झाला कीं खारें पाणी वर येतें. यास्तव आज राजधानीची व रिसॉर्टांची भिस्त समुद्राचें पाणी गोडें करणाऱ्या यंत्रांवर आहे. डिसेंबर २०१४ मध्यें मालेच्या यंत्रागारास आग लागली तेव्हां लाखावर लोकवस्तीच्या त्या शहराचा पाणीपुरवठा थांबला, आणि हिंदुस्थानानें विमानांनीं व नौदलाच्या जहाजांनीं पाणी पोंचविलें. चोहोंकडे पाणी असून प्यावयास थेंब नाहीं, ही स्थिति केवळ नावाड्यांच्या कथेंतली नव्हे, हें त्या वेळीं दिसून आलें. स्नानगृहांतील तोटी उघडी ठेवणें म्हणजे तेथें डिझेल ओतून देणेंच होय.

किनारा कसा मिळेल, हें ऋतूवर अवलंबून असतें. साधारणतः जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ईशान्येचा वारा वाहतो; त्यास तेथें इरुवै म्हणतात. तेव्हां आकाश निरभ्र, समुद्र शांत आणि भाडें चढें. मेपासून पुढें नैऋत्येचा हुलहंगु वारा पाऊस व लाटा आणतो आणि भाडें उतरतें. वाऱ्याबरोबर वाळूही बेटाच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकते. चित्रांत दिसलेला रुंद किनारा सहा महिन्यांनीं त्याच जागीं असेलच, असें नाहीं. तो चोरीस गेलेला नसतो, पलीकडे गेलेला असतो. वाळूची ही ये-जा सहन न होऊन जेथें भिंती व धक्के बांधतात, तेथें बेटाच्या दुसऱ्या अंगास धूप लागते.

ही वाळू येते कोठून, तर प्रवाळापासूनच. पोपटमासा आपल्या चोंचीसारख्या दातांनीं प्रवाळाचा खडक खरवडून त्यावरील शेवाळ खातो व चुन्याचें पीठ पांढऱ्या वाळूच्या रूपानें बाहेर टाकतो. म्हणजे प्रवाळ मेला तर मासा गेला, मासा गेला तर वाळू घटली, आणि भिंत खचली तर लाट थेट बेटावर आली. १९९८ सालीं समुद्र नेहमींहून अधिक तापला. प्रवाळाला रंग व अन्न देणारे सूक्ष्म जीव त्याला सोडून गेले, आणि उथळ पाण्यांतील फार मोठा भाग पांढरा पडून मेला. पुष्कळसा पुन्हां वाढला, तोंच २०१६ सालीं तसेंच संकट ओढवलें. म्हणून जागा निवडतांना खोलीच्या गादीपेक्षां किनाऱ्यालगतच्या प्रवाळाची चौकशी करणें शहाणपणाचें होय. पलंग सर्वत्र सारखाच. किनाऱ्यावरून पोहत जाऊन पाहतां येईल असा जिवंत प्रवाळ मात्र सर्वत्र नसतो. तो असला कीं दररोज नावेचें भाडेंही वांचतें. त्यावर पाय ठेवूं नये, तुकडा तोडूं नये, हें निराळें सांगावयास नको.

ज्यांस गांवांतील निवासगृह परवडतें, त्यांनीं तेथील मर्यादा आधीं जाणाव्यात. वस्तीच्या बेटावर मद्यास मनाई आहे. पोहण्याच्या आंखूड वेषासाठीं किनाऱ्याचा एक भाग राखून ठेवलेला असतो. इतरत्र अंगभर वस्त्र लागतें. शुक्रवारीं दुपारीं दुकानें बंद होतात व सार्वजनिक नावा बहुधा सुटत नाहींत, म्हणून परतीचा दिवस त्यावर बेतूं नये. याच्या मोबदल्यांत जें मिळतें तें रिसॉर्टवर सहसा मिळत नाहीं : सकाळीं ओलें खोबरें, कांदा व टूना मासा कालवून केलेली मास-हुनि व तिच्याबरोबर रोशी म्हणजे गरम पोळी, एकेक गळानें मासा धरून परतणाऱ्या होड्या, आणि सायंकाळीं समुद्राकांठीं जाळ्याच्या खुर्च्यांवर बसलेलीं माणसें. कोंकण किनाऱ्याची ओळख असलेल्या मराठी मनुष्यास हें सर्व परकें वाटत नाहीं.

दोहोंपैकीं कोणताही मार्ग पत्करला, तरी पाहुणा तेथें ज्या वाळूवर झोंपतो ती कोणा तरी जिवंत प्राण्यानें बनविलेली असते व जें पाणी पितो तें कोणी तरी मोलानें गोडें केलेलें असतें. चार दिवसांच्या बिलांत ही किंमत पूर्णपणें कधींच लिहिली जात नाहीं. ती ओळखून जो राहतो, त्याचा मध्यम खर्चाचा मुक्काम सत्कारणीं लागतो. आणि त्याच्या मागून येणाऱ्यासाठींही बेट शिल्लक राहतें.