पोटाचे स्नायू: दिसणे वेगळे, बळकट असणे वेगळे

व्यायामशाळांत ‘सिक्स पॅक’ म्हणून ओळखली जाणारी पोटावरील रचना सहा स्वतंत्र स्नायूंची असते, ही समजूत सार्वत्रिक आहे. वस्तुतः बरगड्यांच्या खालच्या भागापासून जघनास्थीपर्यंत, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या बाजूस असलेल्या हाडापर्यंत, उभा पसरलेला ‘रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस’ हा एकच जोडस्नायू असून, ‘लिनिया अल्बा’ ही मधली तंतुमय पट्टी त्याचे डावे-उजवे भाग करते आणि आडव्या चिवट पट्ट्या त्याचे कप्पे पाडतात. या आडव्या पट्ट्या बहुतेकांत तीन असतात, काहींत कमी-अधिक असतात. त्यांची संख्या व ठेवण जन्मजात असल्यामुळे कप्पे सहा दिसतील की आठ, समोरासमोर येतील की तिरपे, हे कोणत्याही प्रशिक्षकाच्या हाती नसते.

पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी झडते, हा गैरसमज मात्र अधिक चिवट आहे. चरबीच्या पेशींत मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठलेला असतो आणि स्नायूंना तो वापरता यावा म्हणून आधी त्याचे मेदाम्ले व ग्लिसरॉल यांत विघटन होऊन ही द्रव्ये रक्तात मिसळतात. त्यामुळे आकुंचन पावणारा स्नायू शेजारच्याच साठ्यातून इंधन उचलेल, अशी व्यवस्था शरीरात नसते. 1971 साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची मोजमापे घेण्यात आली, तेव्हा रॅकेटचा हात स्नायूंमुळे जाड भरला, पण त्वचेखालील चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच आढळला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंचा दम वाढला, कंबरेचा घेर मात्र घटला नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्यांबद्दल तर एवढेच म्हणता येईल की त्यांनी घटते ते पाणी, आणि ते तांब्याभर पाण्याने भरून निघते.

दिसणारे पोट म्हणजे बळकट पोट, हे समीकरणही टिकत नाही. कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठकांनी घडलेल्या अनेक मल्लांच्या पोटावर कप्प्यांची रेघही उमटलेली नसते, तरी प्रतिस्पर्ध्याला उचलताना त्यांचा कणा वाकत नाही, कारण पोटाच्या स्नायूंचे मोठे काम वाकवण्यापेक्षा आवरण्याचे आहे. सर्वांत आत आडवा गुंडाळलेला ‘ट्रान्स्व्हर्सस अ‍ॅब्डोमिनिस’ आकुंचन पावला की उदरपोकळीतील दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. सिट-अप्समध्ये धड सुरुवातीचे काही अंश उचलल्यानंतरचा बराचसा भार मांडी व कंबर जोडणारे स्नायू घेतात, म्हणून शेकडो आवर्तनांचा हिशेब ठेवणाऱ्यांचे कष्ट पोटाला वाटतात तेवढे पोहोचत नाहीत. प्लँकमध्ये किंवा मल्लखांबावर देह तोलून धरताना मात्र पोटाचे स्नायू सलग ताणाखाली राहतात.

सडपातळ माणसाला पोटाची चिंता नसते, या समजुतीला पुण्यातूनच छेद मिळाला. 2004 साली ‘द लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली: उंचीच्या प्रमाणात वजन दर्शवणारा देहभारांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतीयांमध्ये आतड्यांभोवती साठणाऱ्या, मधुमेहाशी निगडित चरबीकडे कल असल्यामुळे कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी 90 व स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर मानली जाते.

बाळंतिणीचे पोट कापडाने घट्ट बांधल्यास ते पूर्ववत होते, असे घरोघर सांगितले जाते. गर्भारपणात लिनिया अल्बा ताणून रेक्टसचे दोन भाग दूर जातात. बांधल्याने आधार मिळतो, परंतु स्नायू बळकट होत नाहीत व चरबीही जळत नाही. हे अंतर पहिल्या दोनेक महिन्यांत बहुधा आपोआप बरेच घटते आणि त्यानंतरही फट उरल्यास फिजिओथेरपिस्ट सहसा ट्रान्स्व्हर्ससच्या हलक्या आकुंचनापासून व्यायामाची सुरुवात करून देतात.