राखणीची बंदूक आणि दोन घरांचा शोक

भात दाण्यावर येऊ लागले की रत्नागिरी जिल्ह्यातील डोंगरउतारावरच्या वाड्यांची झोप उडते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत वर्षभराचा घास तुडवून जातो. नारळ, काजू आणि आंब्याच्या बागांवर माकडांच्या टोळ्या उतरतात. म्हणूनच मंडणगडपासून राजापूरपर्यंत अनेक शेतकरी घरांत शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निवडणूक आटोपली की घरी परतते. ती बाळगणाऱ्याला गुन्हेगार मानणे अन्यायाचे होईल.

परंतु याच बंदुकीने अधूनमधून माणूसही दगावतो. राखणीचे निमित्त होते आणि पावले शिकारीकडे वळतात. चारसहा जण रात्री बॅटऱ्या घेऊन रानात शिरतात. झुडूप हलते, सावज समजून बार काढला जातो आणि कोसळतो तो सोबती. येथे मारणारा कोणी परका नसतो. तो वाडीतला, बहुधा भावकीतलाच असतो. एका घरात प्रेत, तर दुसऱ्या घरातील कर्ता पुरुष कोठडीत, अशी दोन घरे एकाच पाणंदीवर शोक करीत बसतात.

अशा वेळी पहिला मोह होतो तो झाकपाक करण्याचा. ‘पाय घसरून पडला’ असे सांगावे आणि गावाची अब्रू राखावी, असे वडीलधाऱ्यांनाही वाटते. पण शवविच्छेदनात छरे लपत नाहीत. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पुरावा दडविणे हा त्यावरचा निराळा गुन्हा ठरतो. या लपवालपवीची सर्वांत मोठी किंमत मोजते ती मृताची पत्नी.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतूनही शेतकरी कुटुंबास २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठीचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. दोन्ही ठिकाणी प्रथम खबर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. पहिल्या जबाबात खोटे शिरले की पुढचा प्रत्येक कागद अडखळतो. शिवाय आपल्या शेतात राखण करताना आलेला मृत्यू आणि बेकायदा शिकारीत ओढवलेला मृत्यू यांत विमा भेद करतो. कायदा मोडताना झालेल्या अपघाताचा दावा फेटाळला जाऊ शकतो. हे घरातील स्त्रियांना आधीच ठाऊक असेल, तर रात्री बाहेर पडणारे पाऊल कदाचित उंबरठ्यावरच थांबेल.

प्रतिबंधाची सुरुवात साध्या नियमांनी होते. परवान्यात नाव नसलेल्याच्या हाती बंदूक द्यायची नाही. घरी येताना ती भरलेली ठेवायची नाही. दारू प्यालेल्यास सोबत न्यायचे नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनुसार किमान २ आणि कमाल ५ वर्षे कारावास आहे. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, तेव्हा पोलीस पाटील व तंटामुक्त समितीने हे नियम ग्रामसभेत मांडले तर ते घरोघरी पोहोचतील.

जैन श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘हिंसादान’ म्हणजे दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणे आणि ‘प्रमादचर्या’ म्हणजे बेपर्वाईचे वर्तन, हे दोन्ही येतात. वाडीवरच्या बहुतेक दुर्घटनांचे मूळ याच दोहोंत सापडते.

ऑस्ट्रेलियातील पोर्ट आर्थर येथे २८ एप्रिल १९९६ रोजी झालेल्या गोळीबारात ३५ जणांचा बळी गेला. त्यानंतर तेथील शासनाने सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. पत्नी व दोन मुली गमावलेल्या वॉल्टर मिकॅक यांनी हिंसेची झळ बसलेल्या मुलांसाठी आपल्या लेकींच्या नावे संस्था उभी केली. शोकाला काम मिळाले की तो सूडाकडे वळत नाही, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबांना यासाठी मोठी संस्था काढावी लागत नाही. वाडीवरचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच दुकानाची पायरी चढते. मे महिन्याच्या अखेरीस त्याला खात्यात विम्याच्या हप्त्यापुरती रक्कम ठेवण्याची आठवण द्यावी. दुर्घटना घडलीच तर त्या घराची उधारी काही महिने मागू नये. विम्याचा दावा शक्यतो ३० दिवसांत दाखल व्हावा म्हणून कागदपत्रे जुळवून द्यावीत. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची वाट दाखवावी.

आणि कोठडीत गेलेल्याच्या घरीही कुणीतरी जावे. त्या घरातील मुलांच्या हातून बार निघालेला नसतो. त्यांच्याशी गाव बोलेनासे झाले, तर एका गोळीचे दोन बळी होतात.