गाडीला चार्जर, फॉग लाइट लावताना: फ्यूज नेमका कुणासाठी असतो?



विद्युत परिपथ शिकवताना आपण मुलांच्या हातात सेल, दोन वायरी आणि बल्ब देतो. सेलच्या एका टोकातून निघालेली धारा बल्बमधून फिरून दुसऱ्या टोकाला परत आली तरच बल्ब पेटतो, हे एकदा स्वतः करून पाहिलं की मुलं विसरत नाहीत. माझ्या वर्गात हा प्रयोग झाल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, पप्पांच्या गाडीला फॉग लाइट लावला तेव्हा बॅटरीकडून एकच वायर आणली. दुसरी कुठे गेली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. दुसरी वायर म्हणजे गाडीची लोखंडी चेसिस. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यामुळे दिव्याची दुसरी वायर जवळच्या एखाद्या नटाखाली आवळली तरी परिपथ पूर्ण होतो. मेकॅनिक याला 'अर्थिंग' म्हणतात. वायर वाचते, काम सोपं होतं. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. गाडीचा जवळपास प्रत्येक उघडा धातू हा बॅटरीचं दुसरं टोक असतो. पॉझिटिव्ह वायर कुठेही सोलली आणि बॉडीला टेकली, की झालं शॉर्ट सर्किट.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात आपल्यापैकी कितीतरी जण रोज बाईकने स्टेशन नाहीतर एमआयडीसी गाठतात. मोबाईल चार्जर, जास्तीचा हॉर्न, बारवीकडच्या अंधाऱ्या रस्त्यासाठी फॉग लाइट, हे आता सगळ्यांनाच हवं असतं. मीही चार्जर लावून घेतला. दहा मिनिटांत काम झालं, वायर थेट बॅटरीला. पुढे पावसाळ्यात एका सकाळी मुलीला शाळेत सोडायला निघालो होतो. ती पुढे टाकीवर बसलेली. वळण घेतलं आणि टाकीखालून धूर यायला लागला. मी चावी बंद केली. धूर थांबेना! मुलीला उचलून बाजूला उभी केली, तोवर वायर आतून जळून तुटली आणि धूर आपोआप थांबला.

नंतर पाहिलं तर वायर हँडलच्या मानेपाशी चेसिसला घासत होती. हँडल वळेल तशी ती रोज थोडी थोडी सोलली गेली होती. आता खरा प्रश्न असा, की गाडीचा फ्यूज का उडाला नाही? चावी बंद करून धूर का थांबला नाही? कारण चार्जरची वायर फ्यूज आणि चावी या दोघांनाही वगळून सरळ बॅटरीवर बसवली होती. गाडीतला फ्यूज त्याच्या पलीकडच्या वायरिंगला सांभाळतो. त्याच्या अलीकडून निघालेली वायर त्याला दिसतच नाही.

फ्यूजबद्दल एक गैरसमज शिक्षकांमध्येही आढळतो. आपण सांगतो, "फ्यूजमुळे उपकरण वाचतं." कधी वाचतंही. पण मुळात फ्यूज असतो वायरसाठी. म्हणून तो उपकरणाजवळ नको, बॅटरीजवळ हवा. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात. फ्यूज दिव्यापाशी बसवला आणि वायर मध्येच शॉर्ट झाली, तर धारा फ्यूजपर्यंत पोचतच नाही, मधली वायर जळत राहते. घरात मेन स्विच मीटरजवळच का असतो, त्याचं कारणही हेच.

वायर तापते किती, ते बघू. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असं जूल या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ३ अँपिअरची धारा ३० झाली तर उष्णता दहापट नाही, शंभरपट होते. आणि सेल्फ मारण्याइतकी ताकद असलेल्या बॅटरीला शॉर्टमध्ये ३० अँपिअर देणं काहीच जड नाही. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठात हे सगळं येतं. पण आपली मुलं सहावी-सातवीतच काकाच्या, दादाच्या गाडीची वायर सोलायला बसतात, त्याचं काय?

म्हणून वर्गात एक प्रयोग जरूर दाखवा. स्वतः करा, मुलांच्या हातात देऊ नका. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडा, दोन वायरी काढा आणि स्टीलच्या ताटलीत ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यावर बारीक स्टील वूलचा एकच तंतू त्यांच्यामध्ये धरा. तंतू लाल होतो आणि तुटतो. वायरी मात्र शाबूत. हाच फ्यूज: परिपथातला मुद्दाम ठेवलेला सगळ्यात कच्चा दुवा. मग उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवणारे महाभाग नेमकं काय करतात, हे मुलं स्वतःच सांगतात.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यायचा, हे पाचवीतलं मूलही काढेल. वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर. २० वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे ४० वॅट. ४० भागिले १२, साधारण ३.३. त्याच्या वरचा फ्यूज ५ अँपिअरचा, पट्टीच्या फ्यूजमध्ये बदामी रंगाचा. (लाल १० चा, निळा १५ चा.) वायर ५ अँपिअरपेक्षा जास्त सहज पेलणारी हवी. मोबाईल चार्जरला २-३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. मोठा फ्यूज म्हणजे जास्त सुरक्षा, असं अजिबात नाही. उलटंच आहे.

फॉग लाइटला रिलेही लावून घ्या. रिले म्हणजे खिळ्यावर तार गुंडाळून आपण करतो तोच विद्युतचुंबक, डबीत बंद केलेला. हँडलवरच्या बटणातून जाणारी लहान धारा चुंबक तयार करते, चुंबक आतली पट्टी ओढतो, 'टिक्' आवाज येतो आणि दिव्याची मोठी धारा बॅटरीकडून वेगळ्या जाड वायरने जाते. नाजूक बटण तापत नाही. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ चुंबकाचे, ३० वर फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवा. ८६ ला येणारी वायर चावी चालू केल्यावरच वीज मिळते अशा ठिकाणाहून घ्या, ८५ अर्थला. म्हणजे चावी काढली की सगळं बंद.

थेट जोडणीचा आणखी एक तोटा मे महिन्यात कळतो. काही चार्जर फोन लावलेला नसतानाही थोडी वीज पीत राहतात. समजा ०.०२ अँपिअर. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास झाले. ४ अँपिअर-तासाची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी. गावाहून परत आलात की सेल्फ लागत नाही आणि दोष बॅटरीवाल्याला. हे उदाहरण दशांश अपूर्णांकाच्या तासाला छान चालतं.

सगळंच लावायचा मोह मात्र टाळा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांना इंजिन चालू असताना हेडलाइट सतत पेटता असतो, तो भार आधीच आहे. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत इंजिन मंद चालतं, चार्जिंग कमी होतं आणि बाकीची वीज बॅटरीतून जाते. आणि वेगवेगळे सूर वाजवणारा हॉर्न तर नियमातच बसत नाही.

काम करताना आधी निगेटिव्ह टोक काढा, जोडताना ते शेवटी लावा. कारण पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तरी तेव्हा परिपथ अपुरा असतो. जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला नको. आपल्याकडच्या पावसात टेप सुटते आणि तांबं हिरवं पडतं. हँडलच्या मानेपाशी वायर थोडी सैल ठेवा, वर स्लीव्ह चढवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.

इलेक्ट्रिक स्कूटरला यातलं काहीही घरी करू नका. तिथली मुख्य बॅटरी १२ व्होल्टची नसते, ४८ किंवा त्याहून अधिक असते. ते काम सर्व्हिस सेंटरचंच.

या रविवारी मुलांना सोबत घेऊन गाडीची साइड पॅनल उघडा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर किती वायरी आहेत ते मोजायला सांगा आणि प्रत्येकीवर वीतभर अंतरात फ्यूज सापडतो का ते शोधू द्या. माझ्या वर्गातल्या ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याला पप्पांच्या गाडीवर एक वायर बिनफ्यूजची सापडली. फॉग लाइटचीच.