सातपाटीच्या बोटीला कॅमशाफ्ट निवडताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी इथल्या बोटी शाकारल्या जातात आणि पालघर-बोईसर पट्ट्यातल्या इंजिन मेस्त्र्यांचा हंगाम सुरू होतो. कुणाचा पंखा ठोकायचा असतो, कुणाचा गिअरबॉक्स उतरवायचा. कॅमशाफ्टचं काम क्वचितच निघतं, पण निघालं की नाखवाच्या पोटात गोळा येतो. तो बदलायचा म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं.

या बोटींत बहुधा ट्रकच्याच घराण्यातलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. त्यावरचे १२ कॅम टॅपेट, पुशरॉड, रॉकर अशा वाटेने १२ व्हॉल्व्ह उघडतात. एखाद्या कॅमचं नाक झिजलं की तो व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही. इंजिन काळा धूर सोडतं, ताकद पडते, आणि टॅपेट सेट केलं तरी खटखट पुन्हा सुरू होते.

जाणता मेस्त्री लगेच इंजिन खोलत नाही. रॉकरचं कव्हर काढून रॉकरवर डायल गेज लावतो, इंजिन हाताने फिरवतो आणि प्रत्येक व्हॉल्व्हची उचल खडूने लिहून ठेवतो. इनलेटची तुलना इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. सगळ्यांत एखादाच मागे पडला, तर चोर सापडला.

खरी गंमत नवा घेताना. ‘लेलँडचा कॅमशाफ्ट द्या’ एवढ्यावर भागत नाही. इंजिनाच्या पाटीवरचं मॉडेल, टर्बो आहे की नाही, जुन्या शाफ्टवरचा नंबर, जर्नलचे व्यास, गिअरची चावी हे सगळं जुळायला हवं. लांबीला सारखे दिसणारे दोन शाफ्ट व्हॉल्व्ह वेगवेगळ्या वेळी उघडू शकतात. शिवाय डिझेल पंपाच्या पोटातही एक कॅमशाफ्ट असतो. फोनवरून माल मागवताना हा घोळ सहज होतो.

‘जरा जोराचा कॅम’ मागणाराही कुणी भेटतोच. मला हा मोह फुकटचा वाटतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम चढ्या फेऱ्यांवर उपयोगी, आणि डिझेलच्या फेऱ्या गव्हर्नर आधीच अडवतो. त्यात पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते: फेऱ्या १० टक्के वाढवायच्या तर ताकद ३३ टक्के जास्त हवी. कॅम बदलून ती कुठून येणार? पेट्रोलच्या स्पीडबोटीत तर धोकाही आहे. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त वेळ उघडे राहिले, तर ओल्या एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरकडे ओढलं जाऊ शकतं.

तारापूर एमआयडीसीच्या आसपास लेथवाल्यांना तोटा नाही, म्हणून झिजलेलं नाक वेल्डिंगने भरून घासून घेण्याचा स्वस्त सल्लाही मिळतो. आकार येईल, पण कडक केलेल्या पृष्ठभागाची खात्री कोण देणार? तीच काटकसर टॅपेटमध्ये होते. जुनी टॅपेट जुन्या कॅमच्या झिजेला सरावलेली असतात. नव्या शाफ्टवर ती बसवली तर नवं नाकही लवकर जातं.

आणि जुना का गेला, हे न शोधता नवा बसवूच नये. ऑईल दुधाळ झालं असेल, तर ऑईल कूलर किंवा गॅस्केटमधून पाणी शिरतंय. कधी दोन महिने उभ्या इंजिनात कॅमवरचं ऑईल निथळून जातं आणि खाऱ्या दमट हवेत गंज धरतो. असं इंजिन ऑगस्टमध्ये थेट सेल्फ मारून उठवण्याऐवजी आधी हाताने फिरवून ऑईल वर चढवलेलं बरं.

नवा शाफ्ट बसवताना नाकांना आणि टॅपेटच्या तळाला असेंब्ली ग्रीस चोळतात, टायमिंग गिअरच्या खुणा जुळवतात. इंजिन चालू झाल्यावर ते मंद ठेवत नाहीत. वीसेक मिनिटं मध्यम फेऱ्यांवर चालवतात, म्हणजे उडणारं ऑईल कॅमपर्यंत पोहोचतं. मग पहिलं ऑईल लवकर बदलायचं आणि जुना फिल्टर कापून आत लोखंडाची चमक दिसते का ते बघायचं.